परसातल्या कोंबड्या आणि बर्ड फ्लू



भातकापणी आटोपली आणि थंडी पडू लागली, की आपल्या भागात दोन गोष्टी एकाच वेळी सुरू होतात. उत्तरेकडून रानबदके, रानहंस व इतर पाणपक्षी आपल्या तळ्यांवर आणि धरणांच्या जलाशयांवर उतरू लागतात. इकडे नाताळ, गावचे फेस्त आणि जानेवारीतील लग्ने ह्यांसाठी घरोघर कोंबड्यांची खरेदी-विक्री वाढते. बर्ड फ्लू ह्या रोगाच्या साथी आपल्या देशात बहुतेक ह्याच दिवसांत आलेल्या आहेत. म्हणून ह्या रोगाची नीट ओळख आपल्या शेतकरी कुटुंबांना हंगामाच्या आधीच व्हावी, असे आम्हांस वाटते.

मोठ्या पोल्ट्रीवाल्यांना सल्ला देणारे पुष्कळ असतात. पण ज्या घरी आठ-दहा गावठी कोंबड्या, एक कोंबडा आणि डालग्याखाली एखादी खुडूक कोंबडी आहे, त्या घराकडे सहसा कोणी वळत नाही. तरीही त्या आठ-दहा कोंबड्या म्हणजे घरातल्या बाईच्या गाठीचा पैसा असतो. मुलाची वही, आजाऱ्याचे औषध, पाहुण्याचे जेवण त्यांतूनच निघते. एका आठवड्यात खुराडे रिकामे झाले, तर त्या घराला त्याचा चटका बसतो.

हा रोग काय आहे

माणसाला फ्लू होतो, त्याच जातीच्या विषाणूंपैकी काही पक्ष्यांना ग्रासतात. त्यांतील एच५एन१ नावाचा प्रकार कोंबड्यांना फार घातक आहे. ह्या विषाणूंचे मूळ घर म्हणजे रानबदकांसारखे पाणपक्षी. बदकाच्या अंगात विषाणू असूनही ते पुष्कळदा धडधाकट दिसते, पोहते, चरते, आणि विष्ठेतून रोग पाण्यात व चिखलात सोडीत राहते. तोच विषाणू कोंबडीच्या अंगात शिरला, की ती काही दिवसांतच, कधी काही तासांतच, मरते.

भारतात कोंबड्यांमध्ये हा रोग पहिल्यांदा आढळला तो आपल्याच शेजारी. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथील पोल्ट्रींमध्ये पक्षी मोठ्या संख्येने मरू लागले, आणि १८ फेब्रुवारी रोजी हा बर्ड फ्लू असल्याचे जाहीर झाले. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातील काही गावांत तो घरगुती कोंबड्यांमध्ये सापडला. २००८ च्या जानेवारीत पश्चिम बंगालमध्ये जी मोठी साथ आली, ती मुख्यतः परसातल्या कोंबड्यांचीच होती. तेथे लाखो पक्षी मारावे लागले. डिसेंबर २०२० च्या अखेरीस इंदूर शहरात कावळे मरून पडू लागले; त्यांत एच५एन८ हा प्रकार निघाला. लगेच जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावी कोंबड्या दगावल्या. जानेवारी २०२५ मध्ये उदगीर शहरात पुन्हा कावळे मेले, आणि त्यांच्यात एच५एन१ आढळला. हा रोग दूर कोठे तरी असतो, असे म्हणून स्वस्थ बसण्याजोगी आपली स्थिती नाही.

तो खुराड्यात कसा शिरतो

पुष्कळांची समजूत अशी, की रोग आकाशातून येतो, तेव्हा आपण काय करणार? रानपक्षी त्याला दूरदेशाहून आणतात हे खरे आहे. परंतु तळ्यापासून खुराड्यापर्यंतची शेवटची वाट तो पुष्कळदा आपल्याच पायांनी, हातांनी आणि टोपल्यांनी चालतो. आणि ती वाट अडवणे आपल्या हातात आहे.

रोगी पक्ष्याच्या विष्ठेत आणि नाकातोंडाच्या स्रावात विषाणू असतो. विष्ठेत तो थंडीत पाच आठवडे टिकू शकतो. कडक उन्हाळ्याच्या उष्णतेत सुमारे सहा दिवसांत मरतो. सावलीतला ओलसर चिखल त्याला मानवतो. म्हणजे तळ्याकाठी गुरे धुऊन आलेल्या माणसाच्या चपलेला लागलेला चिखल तसाच खुराड्यात गेला, तर रोगाला वेगळे वाहन लागत नाही.

दुसरी वाट बाजाराची. आठवड्याच्या बाजारात दहा गावच्या कोंबड्या एकाच ठिकाणी, पाय बांधून, एकमेकींना चिकटून ठेवलेल्या असतात. तेथून आणलेला पक्षी वरवर चांगला दिसला, तरी तो कोणाच्या शेजारी बसून आला हे आपल्याला ठाऊक नसते. तसेच न विकलेली कोंबडी संध्याकाळी परत आणून पुन्हा खुराड्यात सोडली, की ती दिवसभर बाजारात होती हे आपण विसरतो. मोटारसायकलला जाळीच्या टोपल्या बांधून पोल्ट्रीतल्या म्हाताऱ्या कोंबड्या स्वस्तात विकणारे फेरीवाले गावोगाव येतात. त्यांच्याकडच्या पक्ष्यांनाही हेच लागू आहे.

तिसरी वाट कोंबडखताची. ऊस, मिरची आणि भाजीपाला ह्यांसाठी आपण पोल्ट्रीतून ट्रॉलीभर खत आणतो, ते घराशेजारी ओततो, आणि आपल्याच कोंबड्या त्यावर किडे उकरीत बसतात. घरांना भेटी देताना हे दृश्य आम्हांस वारंवार दिसते. ज्या पोल्ट्रीत रोग लपलेला असेल, त्या पोल्ट्रीची घाण आपण पैसे देऊन दारात आणतो, असा त्याचा अर्थ होऊ शकतो.

ह्याखेरीज उसने आणलेले डालगे, अंड्यांचे जुने ट्रे, खाद्याची रिकामी पोती, चिकनच्या दुकानातून ओढ्यात टाकलेली पिसे व आतडी, आणि ती ओढून आणणारे कुत्रे व कावळे ह्याही वाटा आहेत.

काय करावे

यासाठी मोठा खर्च लागत नाही. रोजची शिस्त लागते.

१. खुराड्याची चप्पल वेगळी ठेवावी. खुराड्याच्या दाराशी एक जुना जोड ठेवून द्यावा. आत जाताना तोच घालावा, बाहेर तो नेऊ नये. आत जाण्यापूर्वी व आल्यावर साबणाने हात धुवावेत. साबण, धुण्याची पूड, ब्लीचिंग पावडरीचे पाणी ह्यांनी हा विषाणू मरतो. पण चिखल किंवा शेण लागलेल्या वस्तूवर औषधाचे पाणी शिंपडून उपयोग होत नाही. आधी घासून मळ काढावा, मग औषध लावावे.

२. दाणा-पाणी आत द्यावे. अंगणभर दाणे फेकले, की चिमण्या, पारवे, कावळे सगळेच पंगतीला येतात. दाणे खुराड्यात किंवा छपराखाली भांड्यात घालावेत आणि उरलेले उचलून घ्यावेत. पाणी विहिरीचे किंवा नळाचे द्यावे. तळ्याचे किंवा ओढ्याचे देऊ नये.

३. साथीच्या दिवसांत कोंबड्या कोंडून ठेवाव्यात. मोकळ्या फिरणाऱ्या गावठी कोंबडीला कायम कोंडणे जमणार नाही आणि ते तिला मानवणारही नाही. पण जवळपास रोग आल्याची किंवा कावळे, बगळे मेल्याची बातमी असेल, तर त्या काळात बांबू व जाळी लावून परसातच एक आवार करावे. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी: जाळीने पक्षी अडतात, त्यांची विष्ठा अडत नाही. म्हणून निदान दाणा-पाण्याच्या जागेवर पत्रा, कौले किंवा ताडपत्री हवी.

४. बदके व कोंबड्या एकत्र ठेवू नयेत. बदके दिवसा तळ्यावर जातात आणि रात्री कोंबड्यांशेजारी झोपतात, हा बेत फार धोक्याचा आहे. दोहोंची जागा आणि पाण्याची भांडी वेगळी असावीत.

५. नवा पक्षी महिनाभर वेगळा ठेवावा. बाजारातून आणलेली तलंग असो, सोयऱ्याने भेट दिलेला कोंबडा असो, किंवा बाजारातून न विकता परत आलेला पक्षी असो, तो घराच्या दुसऱ्या बाजूस डालग्याखाली ठेवावा. आधी जुन्या कोंबड्यांचे काम करावे, नंतर नव्याचे. फेस्तासाठी घेतलेला कोंबडा दोन-चार दिवसांत कापायचाच असेल, तर तो खुराड्यात सोडूच नये.

६. कोंबडखत घरापासून दूर टाकावे. ते ताडपत्रीने झाकून चांगले कुजू द्यावे आणि कोंबड्यांना त्याकडे फिरकू देऊ नये. खत आणलेली पाटी, फावडे व पाय धुतल्याशिवाय खुराड्याकडे जाऊ नये.

७. पोल्ट्रीत किंवा चिकनच्या दुकानात कामाला जाणाऱ्यांनी घरी आल्यावर अंघोळ करून कपडे बदलावेत, मगच आपल्या कोंबड्यांना हात लावावा. ह्या कामावर आपली पुष्कळ तरुण मुले आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

८. मानमोडीची लस चुकवू नये. मानमोडी, म्हणजे राणीखेत, हा वेगळा रोग आहे आणि त्याची लस बर्ड फ्लूला रोखीत नाही. मग ती येथे कशाला? कारण दोन्ही रोगांची लक्षणे इतकी सारखी, की नुसत्या डोळ्यांनी त्यांतला फरक पशुवैद्यालाही खात्रीने सांगता येत नाही. दरवर्षी मानमोडीने कोंबड्या मरतात, म्हणून ‘नेहमीचीच मर’ असे म्हणून आपण गप्प बसतो, आणि एखाद्या वर्षी ती नेहमीची नसते. पिल्ले पाच ते सात दिवसांची असताना लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, आणि आठव्या आठवड्यात टोचण्याची लस, एवढे केले तर मानमोडी बरीचशी टळते. मग लस दिलेल्या कोंबड्या पटापट मरू लागल्या, तर काही तरी वेगळे आहे हे आपल्या लगेच ध्यानात येते. बर्ड फ्लूसाठी मात्र आपल्या देशात कोंबड्यांना एच५एन१ ची लस देण्याची पद्धत आजवर नाही. रोगी कळप नष्ट करून साथ रोखायची, हेच सरकारी धोरण राहिले आहे.

लक्षणे

एकाएकी दोन-तीन कोंबड्या मेलेल्या आढळणे हे पहिले लक्षण. कधी कधी दुसरे लक्षण दिसतच नाही. एरवी कोंबडी पिसे फुगवून, मान टाकून बसते, खाणे सोडते. डोके व डोळ्यांभोवतीचा भाग सुजतो. तुरा आणि चोचीखाली लोंबणारे तांबडे मांस जांभळे-निळे पडते. पायांच्या नळ्यांवर लाल डाग उठतात. नाकातून पाणी येते, श्वास घरघरतो, पातळ हगवण लागते. अंडी एकदम कमी होतात किंवा मऊ कवचाची येतात. ही सर्व लक्षणे एकाच पक्ष्यात दिसतील असे नाही. तसेच गावात कावळे, पारवे किंवा पाणपक्षी एकापाठोपाठ मेलेले दिसले, तर तोही इशाराच समजावा.

कोंबड्या मरू लागल्यावर

आता ह्या लेखातील मुख्य मुद्दा.

पहिली कोंबडी मेली, दुसरी झोकांड्या खाऊ लागली, की घरातले कोणी तरी म्हणते, ‘उरलेल्या मरण्याआधी बाजारात काढून टाका.’ दुसरा म्हणतो, ‘कापून खाऊन टाकू, वाया कशाला घालवायच्या?’ मेलेली कोंबडी ओढ्यात किंवा उकिरड्यावर फेकली जाते. गरिबीत माणूस असे करतो, आणि त्यामागची धडपड आम्हांस समजते. पण ह्या तीन गोष्टींनीच एका खुराड्याचा रोग सबंध पंचक्रोशीचा होतो. बाजारात काढलेली कोंबडी दुसऱ्या गावच्या विधवेच्या खुराड्यात जाते. तिला आपण शंभर-दोनशे रुपयांत काय विकले, हे तिला ठाऊक नसते. आपल्याला मात्र असते. शेजाऱ्यावर प्रेम करण्याची आज्ञा बाजाराच्या दिवशीही लागू आहे.

तेव्हा असे करावे. उरलेल्या कोंबड्या आत कोंडाव्यात. काही विकू नये, कोणास देऊ नये, अंडीही नाहीत. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नये. मुलांना व कुत्र्या-मांजरांना दूर ठेवावे. मांजरांनाही हा रोग होतो. त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. अनेक राज्यांत १९६२ ह्या क्रमांकावर फोन करून पशुवैद्यकाला बोलावता येते. प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांबाबत २००९ साली झालेल्या केंद्रीय कायद्याप्रमाणे अशा रोगाची शंका आल्यास मालकाने ग्रामपंचायतीस किंवा गावच्या अधिकाऱ्यास कळवणे हे त्याचे कर्तव्य आहे.

पशुवैद्य मेलेले पक्षी किंवा घशातील व गुदद्वारातील नमुने घेऊन तपासणीला पाठवतात. शेवटचा निकाल भोपाळच्या राष्ट्रीय अतिसुरक्षित पशुरोग संस्थेत लागतो. पशुवैद्य येण्यास उशीर होत असेल, तर मेलेला पक्षी दोन प्लॅस्टिक पिशव्यांत घट्ट बांधून, झाकण असलेल्या डब्यात सावलीत ठेवावा. हातांवर पिशव्या आणि नाकातोंडावर फडके बांधूनच हे काम करावे. पुरण्यास सांगितले, तर विहीर व ओढ्यापासून लांब, निदान कमरेइतका खोल खड्डा खणून, खाली-वर चुना टाकून पुरावा आणि वर दगड रचावेत. म्हणजे कुत्री उकरणार नाहीत.

भरपाईचे काय

बर्ड फ्लू ठरला, तर रोगाच्या जागेपासून १ किलोमीटरच्या आतील पाळीव पक्षी मारले जातात आणि १० किलोमीटरपर्यंत पाळत ठेवली जाते. हे ऐकूनच पुष्कळजण बातमी दडवतात. आमचे सांगणे असे, की नुसता हिशेब केला, तरी दडवणे तोट्याचे आहे. सरकारी पथकाने मारलेल्या पक्ष्यांची, तसेच नष्ट केलेल्या अंड्यांची व खाद्याची भरपाई देण्याची योजना आहे. तिचा भार केंद्र व राज्य सरकार उचलतात. आधीच मेलेल्या कोंबडीची भरपाई मिळत नाही. म्हणजे जो पहिल्या दिवशी कळवतो, त्याच्या पदरात काही पडते. जो आठ दिवस वाट पाहतो, त्याच्याकडे मोजायला कोंबड्याच उरत नाहीत. पथक आल्यावर आपल्या पक्ष्यांची संख्या समोर मोजून घ्यावी, कागदावर लिहून घ्यावी, आणि बँकेचे पासबुक तयार ठेवावे. भरपाईची रक्कम बाजारभावाइतकी नसते आणि ती हाती येण्यास वेळ लागू शकतो, हेही आधीच जाणून असावे.

त्यानंतर खुराडे घासून, धुऊन, चुन्याने पोतून रिकामे ठेवावे. जुनी काठी, गवत, डालगे जाळून टाकावे. पशुसंगोपन खात्याची परवानगी मिळेपर्यंत नव्या कोंबड्या आणू नयेत.

माणसांना धोका किती

हा रोग माणसाला सहजासहजी होत नाही, आणि एका माणसाकडून दुसऱ्याकडे सहज पसरत नाही. पण झाला तर फार वाईट. २००३ सालापासून जगभरात एच५एन१ चे सुमारे एक हजार रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतील जवळजवळ निम्मे दगावले. आपल्या देशात २०२१ साली हरयाणातील एका मुलाचा आणि २०२५ साली आंध्र प्रदेशातील एका लहान मुलीचा ह्याने मृत्यू झाला. धोका मुख्यतः रोगी पक्षी हाताळणाऱ्याला असतो. आपल्याकडे कोंबडी सोलण्या-साफ करण्याचे काम बहुधा बायका करतात आणि मुले शेजारी बसून पाहतात. म्हणून आजारी किंवा मेलेली कोंबडी कधीही सोलू नये, मग ती कितीही स्वस्त पडो.

कोंबड्या मेलेल्या घरात पुढील दहा दिवसांत कोणास ताप, खोकला, दम लागणे किंवा डोळे लाल होणे असे काही झाले, तर सरकारी दवाखान्यात जावे आणि कोंबड्या मेल्याची गोष्ट डॉक्टरांना न विचारता सांगावी. ती न सांगितल्यास डॉक्टर साधा फ्लू समजतील, आणि औषधाचा मोलाचा वेळ जाईल.

निरोगी कोंबडीचे मांस व अंडी खाण्यास मात्र काहीच हरकत नाही. ७० अंश सेल्सिअसला, मांसाच्या आतल्या भागापर्यंत उष्णता पोचली, की विषाणू मरतो, आणि आपला रस्सा तर खळखळून उकळतो. मांस आत गुलाबी राहू नये. अंडे कच्चे किंवा अर्धवट उकडलेले घेऊ नये. कच्चे मांस चिरलेली सुरी व पाट धुतल्याशिवाय त्यावर कांदा-कोथिंबीर चिरू नये. २००६ साली नुसत्या अफवेने लोकांनी कोंबडी खाणे सोडले, आणि जेथे रोग पोचलाही नव्हता तेथील पोल्ट्रीवाले कर्जात बुडाले. बेपर्वाईने जसे नुकसान होते, तसेच घबराटीनेही होते.

गावाने एकत्र येऊन

एका घराने सर्व पाळले आणि शेजारच्याने काहीच पाळले नाही, तर उपयोग अर्धाच होतो. महिला मंडळाने वाडीवाडीत बसून चार गोष्टी ठरवाव्यात: लासोटाची बाटली उघडल्यावर लवकर संपवावी लागते, म्हणून सर्वांनी मिळून एकाच दिवशी लस द्यावी, पशुवैद्यकाचा क्रमांक प्रत्येक घराच्या भिंतीवर लिहावा, कोंबड्या मेल्याची बातमी देणाऱ्याला ‘तुझ्यामुळे आमच्याही गेल्या’ असे कोणी बोलू नये, आणि ज्याचे खुराडे रिकामे झाले, त्याला परवानगी मिळाल्यावर प्रत्येक घराने एक-एक तलंग द्यावी. शेवटची गोष्ट ठरलेली असेल, तर बातमी दडवण्याचे निम्मे कारण उरणार नाही.

थंडी तोंडावर आली आहे. ह्या आठवड्यात खुराड्याशी एक जुनी चप्पल ठेवा, पाण्याचे भांडे छपराखाली आणा, आणि लसीसाठी पिल्लांची मोजदाद करा.